चौदाव्या कलमाचा पाहुणा

तेओफिल गाव्लिकची बायको वालेस्का दोन आठवड्यांसाठी म्हणून लेकीकडे जर्मनीला गेली, त्याला आता चार वर्षं होत आली होती. खाणकामगारांच्या कॉलनीत कुणी विचारलंच तर तेओफिल म्हणायचा, "येईल की. नातीला सांभाळायला कुणीतरी हवं ना." ती नात आता सायकल चालवत होती.

तसा तेओफिल एकटा नव्हता. लाल विटांच्या चाळीमागे कोळशाची शेड, शेडच्या डोक्यावर ढाबळ आणि ढाबळीत बासष्ट कबुतरं. एकतीस वर्षं त्यानं जमिनीखाली पाचशे मीटरवर कोळसा खणला होता, आणि पेन्शन लागल्यापासून तो आकाशाकडे बघत होता. मधल्या थरात, म्हणजे जिथे माणसं राहतात तिथे, त्याचं फारसं लक्ष कधी गेलंच नाही. वालेस्काचा मुक्काम नेमका त्याच थरात होता.

तिनं आणि लेकीनं, मोनिकानं, त्याला बोलावलं नव्हतं असं नाही. त्याच्यासाठी खोली तयार होती, खिडकीला पडदे लावून झाले होते, त्याच्या घरात घालायच्या सपातासुद्धा वालेस्कानं जाताना पिशवीत घालून नेल्या होत्या. तेओफिल इकडे चार वर्षं मोज्यांवर फिरत होता. त्याची एकच अट होती. "एकदा कबुतरांच्या शर्यतीत क्लबात पहिला येऊ दे. कप हातात पडला की दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसतो बघ." अट काही वाईट नव्हती. अडचण एवढीच, की तेओफिल सलग अकरा वर्षं दुसरा येत होता आणि पहिला येणारा एवाल्द कोत्सुर कबुतरं सोडायचं नाव घेत नव्हता.

एवाल्द राहायचा दोन गल्ल्या पलीकडे. दोघं एका शिफ्टला, एकाच पाळण्यातून खाणीत उतरलेले. पण अकरा वर्षांपूर्वी, संत बार्बराच्या सणाला सगळे खाणकामगार काळे गणवेश आणि पिसांच्या टोप्या चढवून जेवायला बसले असताना एवाल्द मोठ्यानं म्हणाला, "तेओफिलची कबुतरं वेळ लावतात खरी. आता हॅनोव्हरहून चालत यायचं म्हणजे वेळ लागणारच." शंभर माणसं हसली. वालेस्काही हसली, हे तेओफिलनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे एवाल्दची बायको वारली तेव्हा तेओफिल अंत्ययात्रेला गेला, पण शेवटच्या रांगेतून चालला आणि एवाल्दचा हात हातात न घेता परत आला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तत्त्वांची त्याच्याकडे कधीच टंचाई नव्हती. भरकटलेल्या कबुतराबद्दलचं त्याचं तत्त्व तर सगळ्या जिल्ह्याला पाठ होतं. "ज्या पाखराला स्वतःचं घर सापडत नाही, त्याची जागा पातेल्यात," असं तो क्लबच्या प्रत्येक सभेत, कुणी विचारलेलं नसताना सांगायचा. वाट चुकून त्याच्या छपरावर उतरलेल्या पाखरांचा रस्सा तो न्यूमोनियातून उठलेल्या शेजाऱ्यांना स्वतः नेऊन द्यायचा, आणि त्यामुळे दयाळू म्हणूनही त्याचं नाव झालेलं होतं. क्लबच्या नियमावलीत चौदावं कलम होतं: सापडलेल्या पाखराला पाणी द्यावं, दाणा द्यावा, किमान एक दिवस विश्रांती द्यावी आणि मग सोडावं. हे कलम तेओफिलनं सभांत ऐकलं होतं, वाचलेलं कधी नव्हतं. नियमावली होती त्याच्याकडे, ढाबळीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत घातलेली.

त्या वर्षीच्या जुलैत मोसमाची शेवटची शर्यत होती, जर्मनीतल्या हॅनोव्हरहून सुटणारी. अकरा शर्यतींनंतर एवाल्द आणि तेओफिल यांच्यात केसाचं अंतर उरलं होतं. एवाल्दचा सगळा भरवसा कैसर नावाच्या नरावर. निळसर अंगाचा, उजव्या पंखात एकच पांढरं पीस असलेला कैसर पाच वर्षं जिल्ह्यात कुणाला पुढे जाऊ देत नव्हता. त्याच्या पायातल्या कड्यावरचा आकडा, चारशे सत्तेचाळीस, कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चांगला पाठ होता.

शर्यतीच्या नरांची इथली पद्धत साधी. आठवडाभर त्याला मादीपासून तोडून ठेवायचं, निघण्याआधी पाच मिनिटं तिचं तोंड दाखवायचं, आणि मग टोपलीत घालून सहाशे किलोमीटरवर नेऊन सोडायचं. तो जीव तोडून परत येतो. मालक म्हणतो, बघा, ढाबळीवर किती प्रेम.

गुरुवारी टोपल्या ट्रकवर चढल्या. शनिवारी इतकं उकडलं, की तेओफिलनं अंड्यांसाठी ठेवलेल्या माद्या पोटमाळ्यावरून काढून शेडच्या छपरावरच्या जाळीच्या पिंजऱ्यात आणल्या. या सगळ्या विकत घेतलेल्या. दुसऱ्याच्या ढाबळीत वाढलेलं पाखरू कधीच मोकळं सोडत नाहीत, ते जुन्या घरी जातं. म्हणून त्यांचा सगळा जन्म जाळीतच जातो. त्यातली एक राखी मादी त्यानं जानेवारीत कातोवित्सेच्या बाजारात घेतली होती. दलालानं शपथेवर सांगितलं, की आपल्याच विभागातल्या कुणा मेलेल्या माणसाची आहे. कोण मेलं, हे तेओफिलनं विचारलं नाही. मेलेल्या माणसाचं पाखरू स्वस्त मिळत होतं, तेवढं त्याला पुरेसं होतं.

रविवारी दुपारी एकला, नेहमीप्रमाणे, वालेस्काचा फोन आला.

"म्हाताऱ्या, जेवलास का?"

"लवकर बोल. पाखरं यायचीत."

"सहाशे किलोमीटर आहे. तीनच्या आत काही येत नाही. ऐक ना, आज पहाटे मी गेले होते बघायला. मोनिकानं गाडीनं नेलं. तुमच्या ट्रकांतली पाखरं आमच्या इथूनच सोडली."

"वारा कसा होता?"

"मी तुझी टोपली ओळखली. कोपऱ्यात मी बांधलेली निळी दोरी अजून आहे."

"दोरी चांगली आहे ती. वारा कसा होता?"

मग ती म्हणाली, "दर वर्षी वीस पाखरं पाठवतोस माझ्या दाराशी. स्वतः कधी येत नाहीस. बरं, पश्चिमेचा होता वारा. तुझ्या पाखरांच्या पाठीला चांगला." आणि तिनं फोन ठेवला.

पश्चिमेचा वारा ऐकून तेओफिल खूष झाला. बाकीचं त्यानं मागाहून विचार करायला ठेवलं.

तीनला तो अंगणात स्टूल टाकून बसला. शेजारी खोक्यावर सीलबंद घड्याळ. पाखरू आत शिरलं, की त्याच्या पायातलं शर्यतीचं रबरी कडं काढायचं, घड्याळात टाकायचं, दांडा फिरवायचा. तो ठोका पडेपर्यंत पाखरू आलंच नाही असं समजतात. तीन वाजून अडतीस मिनिटांनी पश्चिमेकडून एक ठिपका आला. एवढ्या लवकर! ठिपका एवाल्दच्या गल्लीवर आला, पंख आखडले, खाली झेपावला, आणि मध्येच हवेत काहीतरी आठवल्यासारखा वळला. मग सरळ येऊन तेओफिलच्या छपरावर, माद्यांच्या जाळीवर बसला आणि मान फुगवून घुमायला लागला.

निळसर अंग. उजव्या पंखात एक पांढरं पीस.

तेओफिलनं त्याला कसं धरलं हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. पाखरू पळालंसुद्धा नाही. पायावर आकडा होता चारशे सत्तेचाळीस, आणि दुसऱ्या पायावर रबरी कडं.

आता काय करायचं हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हात वर करायचे आणि सोडायचं. वीस सेकंदांत ते दोन गल्ल्या पलीकडे पोचलं असतं, एवाल्दच्या घड्याळाचा ठोका पडला असता, आणि तेओफिल बाराव्यांदा दुसरा आला असता.

अशा वेळी माणसाला धर्म आठवतो. तेओफिलला चौदावं कलम आठवलं. त्यानं कैसरला छातीशी धरलं, दाराच्या फटीतून नियमावली ओढून काढली, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचली. पाणी द्यावं. दाणा द्यावा. किमान एक दिवस विश्रांती. किमान! शब्द कसे स्वच्छ होते. नियम करणाऱ्यानं पाखरांचा केवढा विचार केला होता, आणि आपण इतकी वर्षं उगाच रस्से करत बसलो, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

मग कैसरची जी सेवा झाली, ती गाव्लिक घराण्यात आजवर कुणाची झाली नसेल. कोमट पाण्यात मध विरघळवला गेला. सातूचे दाणे निवडले गेले, एकेक. डोळे तपासले, घसा तपासला, पंखाखाली फुंकर घालून पिसवा शोधल्या. पायाचं रबरी कडं टोचत असेल बिचाऱ्याला, म्हणून ते काढून तंबाखूच्या डबीत ठेवलं. वालेस्काला एकदा चाळीस अंश ताप भरला होता तेव्हा तेओफिलनं तिला दारातूनच विचारलं होतं, की दाण्याची पोती कुठे ठेवलीस.

बाहेरून पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवल्याचा आवाज आला. एवाल्द. पाठोपाठ त्याची शीळ, दोन लांब, एक आखूड. छपरांवरून ती नीट इथवर येत होती. कैसरनं मान तिरकी केली.

"झोप," तेओफिल त्याला म्हणाला. "थकलायस तू."

शीळ थांबेना. शेवटी तेओफिलनं ढाबळीची खिडकी लावून घेतली. तीन एक्कावन्नला त्याचं स्वतःचं पहिलं पाखरू आलं आणि त्यानं ठोका मारला. तेरा मिनिटांचा फरक. घड्याळाला मात्र तो कळायचा नव्हता.

रविवारी संध्याकाळी क्लबात घड्याळं उघडली. तेओफिल पहिला. सेक्रेटरी ब्रुनोन, जाडा आणि भिडस्त माणूस, त्याचा हात हलवत राहिला. एवाल्द कोपऱ्यात बिअर घेऊन बसला होता आणि सगळ्यांना सांगत होता, की कैसरला ससाण्यानं नेलं. गल्लीवर आला होता, आपण डोळ्यांनी पाहिला, वरून ससाणा पडला. पिसंसुद्धा सापडली. लोक त्याचं सांत्वन करत होते, कुणीतरी व्होडका मागवली. कैसरनं वळसा घेऊन भलतीकडे जावं, ही गोष्ट सांगण्यापेक्षा एवाल्दला ससाणा सोपा वाटला होता.

चोवीस तास भरल्यावर, सोमवारी, तेओफिलनं ब्रुनोनला बोलावलं. "काल एक पाखरू आलंय. कधी आलं, लक्ष नव्हतं माझं. संध्याकाळी उशिरा आलं असावं. एवाल्दचं वाटतंय. नियमाप्रमाणे कळवतोय."

ब्रुनोन एवाल्दकडे जाऊन आला. त्याला घाम फुटला होता.

"अहो तेओफिल, तो म्हणतो, कैसर हरवणाऱ्यातला नाही. कैसर मेला. तुमच्याकडे दुसरंच काहीतरी आहे म्हणतो."

"पायात चारशे सत्तेचाळीस आहे!"

"ते मी सांगितलं. तर म्हणाला, गाव्लिकला वाचता कधी आलं?"

तेओफिलनं मग कैसरला ब्रुनोनसमोर हवेत सोडलं. कैसरनं एक मोठा वळसा घेतला, एवाल्दच्या छपरावरून गेला, थांबला नाही, आणि परत येऊन माद्यांच्या जाळीवर बसला. दुसऱ्यांदा सोडलं, तेच. मंगळवारी ब्रुनोननं त्याला पिशवीत घालून आगगाडीनं शंभर किलोमीटरवर ओपोलेपर्यंत नेलं आणि तिथून उडवलं. ब्रुनोन घामाघूम होऊन परत आला तेव्हा कैसर जाळीवर घुमत होता, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलं, की तो केव्हाच आलाय, तुम्हीच उशीर केलात.

आता मात्र सगळ्या कॉलनीनं पाहिलं. आणि कॉलनीनं एका दुपारीत निष्कर्ष काढला: बडीशेप. बडीशेपेचं तेल ढाबळीच्या फळ्यांना चोळलं, की परक्याची पाखरं येतात, अशी जुनी समजूत आहे, आणि दुसऱ्याचं पाखरू लावून घेणारा माणूस इथे बायको पळवणाऱ्यापेक्षा खालचा. बेकरीत तेओफिल शिरला की बायका गप्प व्हायच्या आणि पावांकडे बघायच्या. बुधवारी सकाळी शेडच्या दारावर कुणीतरी खडूनं बडीशेपेचं झाड काढलं होतं. चांगलं काढलं होतं. ब्रुनोन फोनवर पुटपुटला, की कप शनिवारीच द्यायचा आहे, पण आधी सभा घ्यावी लागेल, काही सभासद विचारतायत.

गंमत अशी, की बडीशेपेच्या बाबतीत तेओफिल धुतल्या तांदळासारखा होता. न केलेल्या चोरीसाठी गाव त्याला शिव्या देत होतं, आणि केलेली तंबाखूच्या डबीत पडली होती. रात्री नीट झोप लागेना. कप हातात घेतलेला स्वतःचा चेहरा तो डोळ्यांपुढे आणायचा, तर शेजारी वालेस्का उभी राहायची आणि म्हणायची, खरंच पहिला आलास का रे? तिला खोटं सांगणं त्याला कधी जमलेलं नव्हतं. ती फोनवरसुद्धा ओळखायची.

शुक्रवारी दुपारी शेडच्या शिडीवर जड पावलं वाजली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. एवाल्द कोत्सुर धापा टाकत वर आला. त्याच्या फुप्फुसात खाणीनं आपला वाटा ठेवलेला होता. हातात टोपली.

"कुठाय?" तो म्हणाला.

"मेलाय ना तुझा? ससाण्यानं नेलाय ना?"

"गाव्लिक, मी आधीच ही शिडी चढून आलोय. जीव घेऊ नकोस. बडीशेप कुठे चोळलीस ते दाखव."

"हुंग! सगळ्या फळ्या हुंग! ये, मी धरतो तुला!"

एवाल्दनं खरंच दोन फळ्या हुंगल्या. मग तो छपरावरच्या दारातून बाहेर डोकावला आणि तसाच उभा राहिला.

कैसर जाळीवर होता. आतून राखी मादी जाळीला अंग लावून बसली होती, आणि तो जाळीच्या भोकातून चोच घालून तिच्या मानेची पिसं एकेक करून विंचरत होता. घाई कसली ती नव्हती.

"ही कुठून आणलीस?" एवाल्दचा आवाज बदलला होता.

"बाजारातून. विकत घेतलीय, चोरलेली नाही. कुणा मेलेल्या माणसाची आहे."

"मेलेल्या माणसाची." एवाल्द दाण्याच्या पेटीवर बसला. "मीच तो मेलेला. जानेवारीत विकली मी हिला. माझ्या नावानं विकली असती तर लोक म्हणाले असते एवाल्दची पाखरं बाजारात आली, म्हणून दलालाला दिली. अंडी धड देईना. चार वर्षं होती त्याच्याबरोबर. मी दुसरी आणली, तरुण. त्याला काय कळतंय म्हटलं."

तेओफिलला एकदम सगळं दिसलं: शनिवारचं ते ऊन, माद्यांना बाहेर आणणं, हवेतला तो वळसा. पाखरू भरकटलेलं नव्हतंच. सहाशे किलोमीटर नीट आलं होतं आणि नीट घरी गेलं होतं. घराचा पत्ता मालकानं बदलला होता आणि तो पाखराला कुणी कळवला नव्हता. ते त्यानं स्वतः शोधून काढलं.

"म्हणजे हा हरवला नाही," एवाल्द म्हणाला.

"नाही."

आणि मग, हे शब्द आपल्या तोंडातून येतायत याचं स्वतः तेओफिललाच आश्चर्य वाटत असताना, तो म्हणाला, "तीन अडतीसला आला."

"काय?"

"रविवारी. तीन वाजून अडतीस. माझा तीन एक्कावन्नला. मी धरून ठेवला तुझा. तुझी शीळ ऐकू येत होती." त्यानं तंबाखूची डबी काढली आणि रबरी कडं एवाल्दच्या तळहातावर ठेवलं. "बडीशेप नव्हती. मध होता. पण धरून ठेवला."

तेओफिलला वाटलं, आता हा टोपली डोक्यात घालणार. घातली असती तरी तो हलला नसता. एवाल्द कड्याकडे बघत बसला. त्याचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

"मी अर्धा तास शीळ घालत होतो," तो म्हणाला. "शेजारीण विचारायला लागली, कोत्सुर, बरं वाटतंय ना? आणि ती पिसं तिच्या कोंबडीची होती, सांगून ठेवतो. कुणाला बोललास तर बघ."

"नाही बोलत."

"हलकट आहेस तू."

"आहे."

"कशासाठी केलंस पण? त्या पत्र्याच्या कपासाठी?"

"वालेस्काला सांगितलंय मी. पहिला आलो की येतो म्हणून."

एवाल्दनं मान वर केली. एवढं नवल त्याला कैसरचंही वाटलेलं नव्हतं. "म्हणजे ही चार वर्षं मी पहिला आलो नसतो तर... अरे गाढवा! ही दोन गल्ल्या पलीकडे दिसली, तर हा जिल्ह्याची शर्यत सोडून तिच्याकडे आला. पाखराचा मेंदू वाटाण्याएवढा. तुझा केवढा आहे रे?" त्याला खोकला आला. मग एवाल्द हळू आवाजात म्हणाला, "माझी तिकडे, चर्चमागे, तिसऱ्या रांगेत आहे. मला कुठली बस नाही. तुझ्या बायकोकडे मंगळवारी आणि शुक्रवारी बस जाते, कातोवित्सेहून, स्टेशनसमोरून. आणि तू इथे बसून कप मोजतोस."

अकरा वर्षं तेओफिलनं एवाल्दला द्यायची उत्तरं साठवली होती, झोपेतसुद्धा घोटली होती, आणि त्यातलं एकही इथे लागू पडेना. त्याला ती निळी दोरी आठवली. पहाटे उठून, गाडीत बसून ती एक टोपली बघायला गेली होती, आणि आपण तिला वारा विचारला. लाजेनं त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, आणि पाठोपाठ ती हवी आहे, आत्ता हवी आहे, असं त्याला इतकं जोरात वाटलं, की तो जाळीचं दार उघडायला लागला, नुसतं हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

राखी मादी त्यानं एवाल्दच्या टोपलीत ठेवली. कैसरला धरावं लागलं नाही, तो मागोमाग आपण होऊन शिरला.

"हिचं काय द्यायचं?" एवाल्दनं विचारलं.

"दाणा घालायचा. माझ्या पाखरांना. सकाळ-संध्याकाळ."

"किती दिवस?"

"दोन आठवडे."

एवाल्दनं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि शिडी उतरता उतरता म्हणाला, "तुझी पाखरं बिघडवून ठेवतो बघ. वेळेवर यायला लागतील."

शनिवारच्या सभेत तेओफिल उभा राहिला आणि तीन अडतीसची गोष्ट सांगून टाकली. घाबरून त्यानं ती इतकी भराभर सांगितली, की मागच्या बाकांसाठी ब्रुनोनला ती पुन्हा सांगावी लागली. मग कप एवाल्दला द्यायचं ठरलं, तर एवाल्द म्हणाला, ठोका पडला नाही म्हणजे पाखरू आलं नाही, नियम म्हणजे नियम, मी फुकटचं घेत नाही. तेओफिल म्हणाला, मीही घेत नाही. दोघं कपावरून असे भांडले, की लोकांना जुने दिवस आठवून बरं वाटलं. ब्रुनोननं शेवटी कप पबच्या फळीवर ठेवला. त्यात आता दात कोरायच्या काड्या ठेवतात. तेओफिलला एका मोसमाची बंदी झाली आणि ती त्यानं टोपी काढून ऐकून घेतली.

रविवारी एकला फोन वाजला. तेओफिल साडेबारापासून फोनशेजारी बसला होता, पण त्यानं तीनदा वाजू दिला.

"म्हाताऱ्या, जेवलास का?"

"जेवलो."

"निकाल लागला असेल. काय, आलास का पहिला?"

"नाही," तेओफिल म्हणाला. "दुसरा."

पलीकडे तिनं श्वास सोडलेला त्याला ऐकू आला. "बरं," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी."

"मंगळवारच्या बसनं येतोय."

ती म्हणाली, "दुसरा आलास म्हणालास ना?"

"हो."

"मग?"

"मग काय मग? येतोय म्हणून सांगितलं ना."

"आणि पाखरं?"

"एवाल्द बघणार आहे."

"कुठला एवाल्द?"

"एवाल्द कोत्सुर. दुसरा कुठला?"

"तेओफिल, तू प्यायलायस का?"

"नाही. वालेस्का, ती दोरी... माझ्या सपाता आहेत ना तिथे? का टाकून दिल्यास?"

"खोलीत आहेत. पलंगाखाली," ती म्हणाली. "किती दिवसांसाठी येतोयस?"

"दोन आठवडे," तेओफिल म्हणाला.

वालेस्का हसायला लागली. हसता हसता ती रडायला लागली की काय, हे त्याला फोनवरून नीट कळेना, म्हणून तो ऐकत राहिला. वाऱ्याचं त्यानं विचारलं नाही.